चोवीसांनी भागलेला पाऊस

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना मला वर्गाची भीती वाटायला लागली. त्याआधीची एकोणतीस वर्षं मी पुण्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवलं, आणि तेव्हा भीती वाटायची ती मुलांना. लिमये मॅडमचा तास म्हटलं की मागच्या बाकांवरची कुजबुज जिन्यातच थांबायची. याचा मला अभिमान होता हे कबूल करून टाकते. पुढे जे सांगायचं आहे त्यात त्या अभिमानाचा वाटा मोठा आहे.

झालं असं, की नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलानं आपल्या मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय घ्यायचा असं ठरलं. मुलं त्याला 'मायनर' म्हणतात. आमच्या कॉलेजनं जे मायनर जाहीर केले त्यात एक होता कॉम्प्युटेशनल मॉडेलिंग. सूचनाफलकावर त्याचं मराठी 'संगणकीय प्रतिमानन' असं लिहिलं होतं. हे नक्की काय आहे ते कोणालाच कळलं नाही, आणि जागा भराभर भरल्या.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"लिमये मॅडम, हा विषय तुम्ही घ्यायचा."

"सर, मला संगणकावर पगाराची स्लिप उघडता येते. बंद करायला शिपायाला बोलवावं लागतं."

"गणित तेच आहे हो. संगणकाचं काय, शिकाल दोन महिन्यांत."

शिकले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, रोज पहाटे पोळ्या करायच्या आधी दीड तास. एक कंस चुकला म्हणून तास गेला, असं कित्येकदा झालं. मी मुलांच्या फक्त एक धडा पुढे असायचे, त्याहून जास्त कधीच नाही. रोज वर्गात शिरताना भीती वाटायची, की आज कोणीतरी परवाच्या धड्यातलं विचारणार आणि हिला काही येत नाही हे साठ मुलांसमोर उघडं पडणार. ही भीती मी कोणालाच सांगितली नाही. ती झाकायला माझ्याजवळ एकच साधन होतं, जीभ. शनिवार पेठेत वाढलेल्या बाईला ते शिकावं लागत नाही. कोणी अडचणीचं विचारलं की मी असं काही टोचून बोलायचे की वर्ग हसायचा, विचारणारा खाली बसायचा आणि तास पुढे जायचा.

पहिल्याच महिन्यात बुधवार पेठेतले एक दुकानदार तक्रार घेऊन आले. टीव्ही आणि मिक्सरचं दुकान होतं त्यांचं. "मॅडम, मुलीला बी.कॉम.ला घातली. ती म्हणते कॉलेजात मॉडेलिंग करते. आमच्या घरात असलं चालत नाही." मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, "अहो, हे मॉडेलिंग उभं राहून करत नाहीत, खुर्चीत बसून करतात." मग त्यांना जे समजावलं तेच इथेही सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

समजा, तुम्हाला बघायचंय की एखाद्या उतारावर पाऊस पडला तर पाणी कुठे साचेल. खरा पाऊस पाडून बघता येत नाही. मग त्या जागेवर आलेखाच्या कागदासारखे चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनाची उंची लिहायची, प्रत्येकात थोडं पाणी घालायचं, आणि संगणकाला एकच नियम सांगायचा: पाणी शेजारच्या खालच्या चौकोनात सरकव. हे तो हजारो वेळा करतो, न कंटाळता. शेवटी कुठे किती पाणी उभं राहिलं ते रंगात दाखवतो. झालं मॉडेल. संगणकाचं काम सोपं असतं. अवघड काम माणसाचं, की खऱ्या जगातलं काय काय सोडून द्यायचं. झाडं सोडायची का, गटारं सोडायची का, भिंती सोडायच्या का. सगळं धरलं तर उत्तर कधीच येत नाही, आणि भलतंच सोडलं तर उत्तर येतं, पण खोटं. वाईट म्हणजे खोटं उत्तरही तितकंच सुंदर रंगीत दिसतं.

दुकानदार म्हणाले, "म्हणजे अंदाजच की." म्हटलं, "अंदाजच. पण हिशेबानं केलेला." ते समाधानानं गेले.

दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात स्नेहल गायकवाड होती. मुख्य विषय अर्थशास्त्र, मायनर हा, बी.ए.चं शेवटचं वर्ष. बारीक अंगाची, वहीत अतिशय लहान अक्षरात लिहिणारी मुलगी. आमच्या कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे एक ओढा वाहतो आणि ओढ्याकाठी उतारावर एक वस्ती आहे. तिथेच तिचं घर. तीस वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे शिकवलं आणि पलीकडे एकदाही गेले नव्हते.

प्रत्येकाला वर्षाच्या शेवटी एक प्रकल्प करावा लागे. दोन मुलांनी स्वारगेटच्या थांब्यावर चार दिवस उभं राहून सिद्ध केलं, की एकाच मार्गाच्या बसगाड्या एकामागोमाग जोडीनं येतात. तिथल्या कंडक्टरनं त्यांना विचारलं, "हे कळायला कॉलेज लागतं होय?" स्नेहलनं मात्र ओढा घेतला. म्हणाली, "मॅडम, दर पावसाळ्यात आई भांडी माळ्यावर ठेवते आणि परत खाली काढते. पाणी कुठवर येईल ते एकदा नक्की कळलं तर बरं."

तिचे वडील बबनराव गवंडी. उंचीचे आकडे कुठून आणायचे हा प्रश्न त्यांनीच सोडवला. गवंड्यांकडे समपातळी बघायला पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. ती नळी घेऊन बापलेकींनी चार रविवार प्रत्येक घराच्या जोत्याची उंची मोजली. सहा गल्ल्या, ओढ्यालगतची पहिली आणि रस्त्यालगतची सहावी. इतकं कष्टानं मोजमाप माझ्या कुठल्याच विद्यार्थ्यानं केलं नव्हतं.

राहिला पाऊस. आमच्या भूगोल विभागाच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे आणि सातपुते सर रोज सकाळी त्याची नोंद करतात. त्यांच्या वह्यांमधून आम्ही एका दिवसात सर्वांत जास्त पडलेला पाऊस शोधला. तो मॉडेलमध्ये घालायचा कसा, ते मी फळ्यावर दाखवत होते. दिवसाचा पाऊस घ्या, चोवीसांनी भागा, दर तासाचा पाऊस मिळाला.

स्नेहलनं हात वर केला. "मॅडम, पण पाऊस असा सारखा पडतो का? आमच्याकडे मोठा पाऊस दोन तासांत पडून जातो आणि मग दिवसभर काहीच नसतं."

प्रश्न बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं का? आता वाटतं, कळलं होतं. पण पाऊस कमीजास्त पाडायचा तर तो भाग वेगळा लिहावा लागला असता, आणि तो कसा लिहितात ते मला येत नव्हतं. तो भाग दोन धडे पुढे होता. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "स्नेहल, तू असं कर. पावसाला एकदा त्याचं वेळापत्रक विचारून ये. मग घालू आपण मॉडेलमध्ये."

वर्ग खळखळून हसला. स्नेहलही हसली आणि खाली बसली.

प्रकल्प फार छान झाला. नकाशात पाणी फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत दिसत होतं. पहिली गल्ली बुडत होती, दुसऱ्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं, तिसरीपासून वर सगळं कोरडं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाठ थोपटली. प्राचार्यांनी तो नकाशा आपल्या खोलीबाहेर लावला. मलाही वाटलं, या वयात आपण हे जमवलं.

मग बबनराव कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "मॅडम, वस्तीत एकदा येऊन सांगाल का? पोरीचं ऐकतील, पण तुमचं जास्त ऐकतील."

रविवारी सकाळी मी पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेले. सहाव्या गल्लीच्या टोकाला, रस्त्याला लागून, बुद्धविहार आहे. वंदना झाल्यावर सगळे तिथेच थांबले. मी नकाशा समजावून सांगितला. शेवटी एका बाईंनी विचारलं, "म्हणजे तिसऱ्या गल्लीला धोका नाही, असंच ना?" या शोभाताई. त्यांचं घर तिसऱ्या गल्लीत, शिवणकाम करायच्या.

"नाही," मी म्हणाले. 'बहुतेक' म्हणाले नाही, 'आमच्या अंदाजानं' म्हणाले नाही. नुसतं नाही म्हणाले.

जूनमध्ये वस्तीतल्यांनी तो नकाशा मोठा छापून विहाराबाहेर लावला. आणि आणखी एक केलं, ते मला स्नेहलनं फोनवर आनंदानं सांगितलं. वस्तीची बालवाडी दुसऱ्या गल्लीत भरायची, ती त्यांनी तिसऱ्या गल्लीत आणली, नकाशा बघून.

स्नेहल पास झाली. हिंजवडीत एका कंपनीत लागली. माझं शेवटचं वर्ष सुरू झालं.

सप्टेंबरमध्ये, विसर्जन होऊन आठवडा झाला होता, सकाळी अकराच्या सुमारास आभाळ इतकं काळं झालं की वर्गात दिवे लावावे लागले. साडेअकराला पाऊस सुरू झाला. तास थांबवला, कारण माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जाईना. मी स्टाफरूममध्ये येऊन बसले. पाऊण तासानं सातपुते सर गच्चीवरून आले, नखशिखान्त भिजलेले. ते एरवी शांत गृहस्थ. त्या दिवशी दारातूनच म्हणाले, "मॅडम, अशी नोंद मी कधी घेतली नाही. तुमच्या त्या मुलीनं जो दिवसभराचा पाऊस घेतला होता ना, तेवढा आत्ताच झालाय. आणि अजून पडतोच आहे."

मी डबा उघडला होता. तो तसाच राहिला.

बादलीभर पाणी दिवसभर थेंब थेंब मोरीत सोडलं तर मोरी तुंबत नाही. तीच बादली एकदम उलटी केली तर पाणी उंबऱ्यावरून बाहेर येतं. हे मी माझ्या घरातल्या मोरीत रोज बघत होते. आणि वस्तीचा पाऊस मी चोवीसांनी भागला होता.

मी स्नेहलला फोन लावला, नंबर दोनदा चुकला. तिनं उचलला. मागे ऑफिसातले आवाज होते.

"स्नेहल, तो पाऊस... आपण चोवीस तासांत वाटला होता. तो दोन तासांत पडला तर पाणी कुठवर येईल?"

ती हळूच म्हणाली, "चौथ्या गल्लीपर्यंत, मॅडम."

"तुला काय माहीत?"

"मी नंतर चालवून बघितलं होतं. घरी. इंटरनेटवर बघून तो भाग लिहिला."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल. तुम्ही वर्गात..." तिनं वाक्य पूर्ण केलं नाही. आणि एकदम तिचा आवाज बदलला. "मॅडम, किती वाजले? बालवाडी एक वाजता सुटते. मंदाताईंना फोन करा. मी पप्पांना करते."

सव्वाबारा वाजून गेले होते. मंदाताई म्हणजे बालवाडीच्या शिक्षिका. त्यांचा फोन लागत नव्हता. चार वेळा केला. मग मी छत्री घेतली आणि निघाले. सातपुते सर ओरडले, "मॅडम, कुठे?" तोवर मी जिना उतरत होते.

मागच्या फाटकातून वस्ती दहा मिनिटांवर आहे. छत्री फाटकातच उलटली, ती टाकून दिली. चष्म्यातून दिसेना म्हणून तो काढला, तर त्याहून दिसेना. सहाव्या गल्लीतून खाली उतरताना पायाखालून पाणी धावत होतं, माझ्यापेक्षा जोरात. खालून एक आवाज येत होता, जड वाहनासारखा सलग. तो ओढा होता. आयुष्यात मला तशी भीती कधी वाटली नाही. ही भीती पाण्याची नव्हती, मी पोचेपर्यंत काय झालं असेल याची होती.

तिसऱ्या गल्लीत पाणी घोट्याला होतं. दुसरी गल्ली दिसतच नव्हती, नुसते पत्रे दिसत होते. आणि तिसऱ्या गल्लीत गर्दी होती! खालच्या दोन्ही गल्ल्यांतली माणसं आपली ट्रंक, गॅस, गाद्या घेऊन इथेच आली होती. शोभाताईंच्या घरात छतापर्यंत दुसऱ्यांचं सामान होतं. मी ओरडले, "वर चला. सगळे वर चला. पाणी इथेही येणार आहे."

शोभाताई दारात आल्या. "इथे नाही यायचं मॅडम. तुमच्याच नकाशात आहे की."

तिथे उभं राहून जे बोलायचं होतं ते बोलायला मला दोन-तीन सेकंद लागले असतील. ते दोन-तीन सेकंद मी अजून विसरलेले नाही. पाणी चढत होतं आणि तरी मला लाज वाटत होती.

"नकाशा चुकलाय," मी म्हटलं. "माझा चुकलाय. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला."

शोभाताईंनी एका क्षणात पदर खोचला आणि बालवाडीच्या दारावर थापा मारायला लागल्या.

दार आतून लावलेलं होतं. पाणी आत येऊ नये म्हणून मंदाताईंनी फटीत गोणपाट कोंबलं होतं आणि मुलांना गाणं म्हणायला लावलं होतं. दार उघडलं तेव्हा मुलं गातच होती. मंदाताई म्हणाल्या, "अहो, इथे सुरक्षित आहे ना? खालच्यांची पोरंही मी इथेच घेतली."

बायकांनी रांग केली. एकीकडून दुसरीकडे मूल देत देत ती चढावरून विहारापर्यंत गेली. मी रांगेत कुठे होते ते आठवत नाही. एका मुलीनं माझ्या गळ्यात घट्ट हात टाकले होते, तेवढं आठवतं. शेवटचं मूल बाहेर काढलं तेव्हा पाणी माझ्या मांड्यांना लागत होतं.

विहारात मंदाताईंनी हजेरीपट काढला. खालच्यांची पोरं धरून आलेली मुलं एकवीस. मोजली, तर वीस. पुन्हा मोजली. वीस.

"आयुष," त्या म्हणाल्या. "आयुष कुठाय?"

चार वर्षांचा मुलगा. कोणी म्हणालं दारात बघितला, कोणी म्हणालं आतल्या मोरीकडे गेला होता. त्याची आई कामावर, तिचा फोन लागेना. बबनराव तेवढ्यात कामावरून धावत आले होते. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. बांधकामाचा दोर कमरेला बांधला, दुसरं टोक चौघांच्या हातात दिलं आणि खाली उतरले. मी विहाराच्या पायऱ्यांवर उभी होते. बालवाडीच्या खिडकीच्या गजांपर्यंत पाणी आलं होतं. ते दारातून आत गेले आणि दिसेनासे झाले. दोर ताणला जायचा, सैल व्हायचा, पुन्हा ताणला जायचा.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते लिहायचं तर एवढंच लिहिता येईल, की मी त्या मुलाचं प्रेत बघत होते. ते अजून सापडलं नव्हतं, पण मला दिसत होतं. आणि त्याच्या बाजूला मी उभी होते, खडू हातात घेऊन.

बबनराव बाहेर आले. तळहात पत्र्यानं फाटला होता. "आत नाही," ते म्हणाले. "सगळं चाचपलं. मोरीतही नाही." आणि परत जायला वळले. माणसांनी त्यांना धरून ठेवलं.

वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग मंदाताईंचा फोन वाजला, तो तेव्हा कसा लागला कोण जाणे. आयुषची मावशी बोलत होती. पाऊस सुरू होताच ती बालवाडीत आली होती आणि दाराबाहेर चपला घालत असलेल्या आयुषला उचलून ओढ्यावरच्या पुलावरून पलीकडे आपल्या घरी घेऊन गेली होती. मंदाताई तेव्हा गोणपाट शोधायला आत गेल्या होत्या. मुलगा जेवून झोपला होता.

मी विहाराच्या भिंतीला टेकले आणि मला तिथेच उलटी झाली. एका म्हाताऱ्या आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पाणी दिलं. त्यांचं घर पहिल्या गल्लीत होतं, म्हणजे आता नव्हतंच.

पाणी चौथ्या गल्लीच्या दुसऱ्या घरापर्यंत आलं. माणूस कोणी गेलं नाही. पण शोभाताईंचं शिलाईचं यंत्र गेलं, शिवायला आलेले लोकांचे कपडे गेले, आणि विश्वासानं त्यांच्याकडे ठेवलेलं तीन घरांचं सामान गेलं. ते सगळं तिसऱ्या गल्लीत होतं ते माझ्या एका 'नाही'मुळे.

तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. बातमी कॉलेजात येईल, चौकशी होईल, शेवटच्या वर्षात नाव जाईल, याची भीती वाटत होती. ते काहीच झालं नाही. कोणीही मला काही विचारलं नाही, प्राचार्यांनी खोलीबाहेरचा नकाशा गुपचूप काढून ठेवला, बस. मला वाटतं, कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी रविवार होता. मी विहारात गेले. स्नेहल आली होती, हातमोजे घालून चिखल काढत होती. बबनरावांच्या हाताला पट्टी होती. मी सांगितलं, सगळं सांगितलं. पाऊस कसा भागला, स्नेहलनं वर्गात काय विचारलं होतं, आणि मी तिला काय उत्तर दिलं होतं. हे शेवटचं सांगताना स्नेहल म्हणाली, "मॅडम, राहू दे ना," पण मी राहू दिलं नाही.

कोणी रागावलं नाही. कोणी 'जाऊ द्या मॅडम' असंही म्हणालं नाही. मग शोभाताई म्हणाल्या, "नवा नकाशा कराल का?"

"स्नेहल करील. मी तिला मदत करीन."

"तो पण चुकू शकतो?"

"हो. चुकूच शकतो. पुलाखाली कचरा अडकला तर चुकेल, वरच्या अंगाला कोणी ओढा बुजवला तर चुकेल."

त्यांनी फावडं खाली ठेवलं. "मग मला एवढंच सांगा. चुकला तर कोणीकडे चुकेल? आमच्याकडे, की पाण्याकडे?"

एकतीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षांचे प्रश्न काढले मी. इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही. स्नेहलनं माझ्याकडे बघितलं आणि तीच म्हणाली, "काकू, आम्ही असा करू की चुकला तर पाणी कमी येईल. म्हणजे तुम्ही उगाचच वर चढाल."

"चालेल," शोभाताई म्हणाल्या. "पाय दुखतील, एवढंच."

नवं मॉडेल दिवाळीनंतर तयार झालं. पाऊस दोन तासांतला घेतला, पूल अर्धा बुजलेला धरला. त्याचा नकाशा आम्ही लावलाच नाही. बबनरावांनी पुलाच्या खांबावर लाल रंगाचा पट्टा मारला. पाणी पट्ट्याला लागलं की सगळ्यांनी वर जायचं, कोणाला विचारायचं नाही. बालवाडी आता विहारात भरते. मी निवृत्त झाले. पावसाचा जोर वाढला की अजूनही मी घड्याळ बघते, सातपुते सरांना फोन करते, आणि त्यांनी उचलेपर्यंत तीच भीती असते. ती जाईल असं वाटत नाही. आता ती जावी असंही वाटत नाही.

यंदा जुलैत दोनदा पाणी पट्ट्याला लागलं. दोन्ही वेळा अख्खी वस्ती वर चढली आणि दोन्ही वेळा पाणी पहिल्या गल्लीच्या पायरीवरूनच परत गेलं. दुसऱ्या वेळी शोभाताईंचा फोन आला.

"मॅडम, भिजलो. पोरं रडली. चुलीवरची डाळ करपली. आणि पाणी काही आलं नाही तुमचं."

"चुकलंच," मी म्हटलं.

"चुकू द्या," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.